प्रवेश झाला, आता विचारायचं कोणाला?

घाटंजी तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: बारावीनंतर यवतमाळला खोली करून राहणं घरच्यांना झेपणार नव्हतं, म्हणून तिने ऑनलाइन बी.ए.ला प्रवेश घेतला. तालुक्याच्या नेट कॅफेत फॉर्म भरला, फी भरली, नोंदणी क्रमांकही आला. पण अभ्यासाच्या पोर्टलवर लॉगिन होत नाही, आणि पासवर्ड बदलायला गेलं तर ओटीपी येत नाही. ज्या दादाने प्रवेश करून दिला तो फोन उचलत नाही. गुगलवर विद्यापीठाच्या नावाने बरेच नंबर निघाले. त्यातल्या एकाने फोन घेतला आणि लॉगिन चालू करून द्यायचे पाचशे रुपये मागितले. "मॅडम, मी नेमका कोणाले फोन लावू? हे काम आहे कोणाचं?"

बेटा, पाचशे रुपये पाठवू नकोस. पाठवून झाले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आत्ताच फोन कर. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. लॉगिन चालू करायचे पैसे फोनवर सांगून, कोणाच्या खाजगी यूपीआयवर कोणतंच विद्यापीठ घेत नाही.

आता तुझं लॉगिन. मी यवतमाळ जिल्ह्यातच मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर आधी समंत्रक, म्हणजे शिकवणारी, आणि नंतर केंद्रसंयोजक, म्हणजे केंद्राचा कारभार पाहणारी, म्हणून काम केलं आहे. हे दुखणं दर सत्राला येतं आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं. फॉर्म भरताना मुलीजवळ स्वतःचा ईमेल नसतो, मोबाइल वडिलांच्या खिशात, मागे लोकांची रांग. कॅफेवाला घाईघाईत स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो आणि फॉर्म पुढे सरकतो. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण तिथून पुढे विद्यापीठाचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जातो: लॉगिनचा ओटीपी, परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, हॉलतिकीट, सगळंच. तू इकडे वाट पाहत राहतेस आणि तिकडे त्याच्या मोबाइलमध्ये शंभर पोरांचे मेसेज पडलेले असतात.

म्हणून आधी तुझ्या अर्जाची छापील प्रत काढ. प्रत नसेल तर कॅफेत जाऊन मागून घे. फॉर्म भरलेल्या संगणकात ती फाइल बहुतेक वेळा सापडते. त्यावर मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते वाच. तो कॅफेवाल्याचा निघाला तर त्याच्यासमोर बसून एकदाच ओटीपी घे, लॉगिन कर, आणि 'माय प्रोफाइल'मध्ये जाऊन मोबाइल नि ईमेल तिथल्या तिथे बदल. पासवर्ड नवा टाक. काही पोर्टलवर हा बदल विद्यार्थ्याला करता येत नाही. तेव्हा मात्र विद्यापीठाच्या नोंदणी विभागाकडे लेखी अर्ज करावा लागतो. 'हे काम आहे कोणाचं' याचं तुझ्यापुरतं उत्तर हेच: नोंदणी विभागाचं. शिकवणाऱ्या मॅडमचं नाही, परीक्षा विभागाचं नाही, आणि प्रवेश करून देणाऱ्या दादाचं तर नाहीच.

तू विचारलेला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नवे विद्यार्थी नंबर शोधत बसतात. नंबर शोधण्याआधी टेबल शोधावं. तहसील कचेरीत सातबाऱ्याचं काम घेऊन आपण पुरवठा विभागात जात नाही आणि रेशनकार्डासाठी तलाठ्याकडे बसत नाही. कोणतं काम कोणत्या टेबलावर, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही पाठ असतं. विद्यापीठातही तशीच टेबलं असतात, ती फक्त दिल्लीत किंवा नाशिकला असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. चुकीच्या टेबलाला दहा मेल लिहिले तरी दहाही पडून राहतात. योग्य टेबलाला एक पुरतो.

टेबल शोधण्याआधी तुझा प्रवेश कशातला आहे ते पक्कं कर, कारण सगळेच सरसकट 'ऑनलाइन' म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सप्टेंबर २०२० च्या विनियमांत दोन वेगळे प्रकार आहेत. एक मुक्त व दूरशिक्षण: त्यात पुस्तकं मिळतात, जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असतं, तिथे संपर्कसत्रं, म्हणजे समोरासमोर शिकवण्याचे तास, होतात. दुसरा खराखुरा ऑनलाइन अभ्यासक्रम: त्याला अभ्यासकेंद्र नसतंच, सगळं पोर्टलवर. तुझ्या प्रवेशपत्रावर यातला कोणता शब्द छापला आहे ते वाच. ऑनलाइन असेल आणि तालुक्यात कोणी 'आमची इथे शाखा आहे' म्हणून फलक लावून बसला असेल, तर ती शाखा विद्यापीठाची नाही. या विनियमांत फ्रँचायझी देऊन शिक्षण चालवायला मनाई आहे.

दूरशिक्षण असेल तर काम सोपं आहे, कारण पहिला माणूस जवळ असतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला, पण विदर्भासाठी अमरावती आणि नागपूर अशी दोन विभागीय केंद्रं आहेत. आपला यवतमाळ जिल्हा अमरावतीकडे, तर चंद्रपूर-गडचिरोली नागपूरकडे. त्याखाली अभ्यासकेंद्र, आणि अभ्यासकेंद्रात केंद्रसंयोजक. ओळखपत्र, गृहपाठ, संपर्कसत्रांचं वेळापत्रक, परीक्षा अर्जातली अडचण, हे सगळं आधी केंद्रसंयोजकाकडे. तिथे सुटलं नाही तर विभागीय केंद्र. नाशिकला थेट फोन करायची वेळ क्वचितच येते. आली तरी तिथला माणूस पहिला प्रश्न 'अभ्यासकेंद्राचा कोड काय?' हाच विचारतो. तो कोड आणि तुझा कायम नोंदणी क्रमांक तोंडपाठ ठेव.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ पासून चालू आहे आणि तिथली टेबलं फार नीट वाटलेली आहेत. पुस्तकं आली नाहीत तर साहित्य निर्मिती व वितरण विभाग. हॉलतिकीट, निकाल, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र म्हणजे विद्यार्थी मूल्यमापन विभाग. प्रवेश आणि नोंदणीची नोंद म्हणजे विद्यार्थी नोंदणी विभाग. हे तिन्ही दिल्लीत मैदान गढीला. पत्ता बदलणं, अभ्यासकेंद्र बदलणं, याचं काम आपल्यासाठी नागपूरच्या प्रादेशिक केंद्रात. गृहपाठ अभ्यासकेंद्रात. ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी मुख्यालयात वेगळं ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, त्यांचं पोर्टलही वेगळं. आणि आयग्राम नावाचं तक्रारीचं पोर्टल आहे, त्यात विषय निवडला की तक्रार त्या विभागाकडे जाते आणि तुला तक्रार क्रमांक मिळतो.

गृहपाठाचं एक उदाहरण सांगते, कारण यात सर्वात जास्त पोरं भरडली जातात. आर्णीकडचा एक मुलगा, विद्यापीठाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. परीक्षा पास, पण गुणपत्रिकेवर एका विषयापुढे 'अपूर्ण'. त्याने गृहपाठ दिला होता, पण गुण चढले नव्हते. अनेक दूरशिक्षण अभ्यासक्रमांत गृहपाठाला तीस टक्के वजन असतं, ते नसेल तर परीक्षेत कितीही गुण मिळोत, विषय पूर्ण होत नाही. तो परीक्षा विभागाला मेलवर मेल लिहीत होता. तिकडून एकच ठराविक उत्तर: गुण प्राप्त नाहीत. माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "मॅडम, कोणी ऐकूनच नाही राहिलं." मी त्याला विचारलं, गृहपाठ दिल्याची पोच आहे? होती. वहीच्या पानाचा फोटो, त्यावर शिक्का आणि तारीख. मग रस्ता सरळ होता: पोच घेऊन ज्या केंद्रात गृहपाठ दिला तिथे जायचं, तिथून गुणांची यादी विभागीय पातळीवर गेली का ते विचारायचं, आणि यादी पाठवल्याचा दिनांक घेऊन मगच परीक्षा विभागाला एक मेल. यादी केंद्रातच राहिली होती. ती गेली आणि पुढच्या निकालात गुण चढले. परीक्षा विभाग खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेबलावर कागदच आला नव्हता. म्हणून सांगते, गृहपाठ देताना पोचेशिवाय केंद्राची पायरी उतरायची नाही. ईमेलने किंवा गुगल फॉर्मवर दिला तर 'सादर झाले' असं दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, तारखेसकट.

तुझा प्रवेश खरोखर ऑनलाइनच असेल तर तुझं अभ्यासकेंद्र म्हणजे ते पोर्टल, आणि तिथली माणसं तुला नावाने माहीत हवीत. विनियमांप्रमाणे प्रत्येक अभ्यासक्रमाला एक कार्यक्रम समन्वयक असतो, प्रत्येक विषयाला विषय समन्वयक, आणि विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी मार्गदर्शक, ज्याला पोर्टलवर बहुतेक ठिकाणी कोर्स मेंटॉर लिहिलेलं असतं. धडा समजला नाही, प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं, स्वाध्यायात कमी गुण का, हे मेंटॉरला विचारायचं, आणि पोर्टलवरच्या चर्चेच्या पानावर विचारायचं. तिथे विचारलेला प्रश्न नोंदला जातो आणि इतरांनाही उत्तर मिळतं. व्हिडिओ उघडत नाही, पान पांढरं येतं, चाचणी मधेच बंद पडली, हे तांत्रिक मदत कक्षाचं. चाचणी रेंज गेल्यामुळे तुटली तर त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढ, वेळ दिसेल असा, आणि त्याच दिवशी कळव. आठवड्याने सांगितलं तर सिद्ध करता येत नाही. आणि लॉगिन होत नाही म्हणून महिना जाऊ देऊ नकोस. ऑनलाइन अभ्यासक्रमात परीक्षेला बसायचं तर पोर्टलवरच्या उपक्रमांत ठराविक सहभाग लागतो.

हे टेबल सापडलं, आता त्याचा खरा नंबर. गुगलवर नाव टाकून वर जो नंबर येतो तो घेऊ नये, तिथे पैसे देऊन जाहिराती लावलेल्या असतात. तुझ्या माहितीपुस्तिकेत किंवा कार्यक्रम मार्गदर्शिकेत, साधारण शेवटी, संपर्काचं पान असतं. लोक ते कधी उघडतच नाहीत. ते पान आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं संपर्काचं पान, या दोन्हींत जुळेल तोच नंबर धर. पुस्तिका जुनी झाली असेल तर संकेतस्थळाचं खरं मान. संकेतस्थळाचा पत्ता 'एसी डॉट इन' किंवा 'ईडीयू डॉट इन' असा संपत असेल तर तो शिक्षणसंस्थेलाच मिळतो. काही विद्यापीठांचे ऑनलाइन विभाग वेगळ्या पत्त्यावर असतात, तेव्हा मुख्य संकेतस्थळावरून टिचकी मारत तिथपर्यंत पोचता येतं का ते बघायचं. आणि लँडलाइनचा एसटीडी कोड पाहत जा. नाशिकचं कार्यालय ०२५३ वरून बोलेल, नागपूरचं ०७१२, अमरावतीचं ०७२१, दिल्लीचं ०११. 'विद्यापीठातून बोलतोय' म्हणणारा दर वेळी वेगळ्या मोबाइलवरून बोलत असेल तर त्याला ओटीपी, आधार क्रमांक, काहीही सांगायचं नाही. व्हॉट्सअॅपवर 'हॉलतिकीट' म्हणून एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल, आली तर ती उघडायचीच नाही. हॉलतिकीट पीडीएफ असतं आणि पोर्टलवर मिळतं.

'प्रवेश करून देणारा दादा' याबद्दल स्पष्ट बोलते. त्याचं काम प्रवेश करून देण्यापुरतं होतं, त्याला कमिशन त्याचंच मिळतं. तो चांगला असेल, ओळखीचा असेल, तरी त्याला तुझा निकाल बदलता येत नाही, पुस्तक पाठवता येत नाही, अर्जाची मुदत वाढवता येत नाही. त्याचा नंबर राहू दे, पण तो पहिला नको. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंही तसंच. तिथे 'परीक्षा पुढे गेली म्हणे' असं कोणी लिहिलं की चार तासांत सगळे ते खरं धरून चालतात. ग्रुपवर आलेली कोणतीही तारीख संकेतस्थळावरच्या सूचनापत्रकात पाहिल्याशिवाय मानायची नाही.

फोन करायचा तर कधी करावा? सकाळी अकरा ते साडेबारा बरं. जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर माणूस सापडणं कठीण, आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत तर फोन लागतच नाही. अभ्यासकेंद्राचं मात्र उलटं आहे. ते महाविद्यालयात चालतं आणि तिथले संयोजक आठवडाभर तास घेत असतात. म्हणून बरीच केंद्रं शनिवार-रविवारीच खुली असतात. एसटीने तालुक्याला जायच्या आधी फोन करून वार विचारून घे, नाहीतर मजुरी बुडवून गेलेली पोरं कुलूप पाहून परत येतात. फोन करण्यापूर्वी एका कागदावर नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, नोंदवलेला मोबाइल आणि एका वाक्यात अडचण लिहून समोर ठेव. रेंज जिथे बरी येते तिथे जाऊन, शांतपणे. समोरचा हिंदीत बोलला तर तूही हिंदीत बोल. आपली हिंदी मोडकी आहे म्हणून संकोच करू नकोस, आपल्या भागातल्या बाजारात आपण रोज तीच बोलतो. बोलणं संपताना दोन गोष्टी विचारायच्या: 'आपलं नाव?' आणि 'यासाठी मेल कोणत्या पत्त्यावर करू?' फोनवरचं बोलणं हवेत विरतं, मेल राहतो.

मेल कसा लिहायचा हे तुझ्याच अडचणीवर दाखवते. विषयाच्या ओळीत: 'नोंदणी क्रमांक अमुक, बी.ए. ऑनलाइन, जुलै सत्र, नोंदवलेला मोबाइल व ईमेल बदलणेबाबत.' खाली: 'महोदय, मी वरील सत्रात प्रवेश घेतला आहे. अर्ज भरताना दिलेला मोबाइल क्रमांक व ईमेल माझा नसल्याने मला ओटीपी मिळत नाही आणि पोर्टलवर लॉगिन करता येत नाही. कृपया माझा पुढील मोबाइल क्रमांक व ईमेल नोंदवून घ्यावा. सोबत फी भरल्याची पावती, ओळखपत्राची प्रत व सहीचा अर्ज जोडला आहे.' शेवटी पूर्ण नाव, क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा. बस. घरची परिस्थिती, किती दिवस त्रास होतोय, प्रवेश करणाऱ्याने कसं फसवलं, हे त्यात नको. वाचणाऱ्याने तुझा प्रश्न पहिल्या ओळीत ओळखला पाहिजे. विद्यापीठ महाराष्ट्राबाहेरचं असेल तर हेच हिंदीत किंवा सोप्या इंग्रजीत लिही. आधार जोडावं लागलं तर मास्क्ड आधार जोड, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. एका मेलमध्ये एकच अडचण. पुस्तकं आणि लॉगिन दोन्हीची तक्रार एकाच मेलमध्ये लिहिली तर एका टेबलाने आपला भाग पाहून मेल बंद केला असं होतं.

उत्तर आलं नाही तर? आठ-दहा दिवसांनी त्याच मेलला धरून आठवण करून दे, नवा मेल काढू नकोस, म्हणजे आधीच्या तारखा खाली दिसत राहतात. तरीही काही झालं नाही तर तक्रार पोर्टल, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. त्याच्याही पुढे तुझा हक्क आहे. आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असणं बंधनकारक केलं आहे. समितीने शक्यतो पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी तीस दिवसांत ते निकाली काढायचं असतं. निकाल लांबवणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, नियमाप्रमाणे परत द्यायची फी न देणं, हे सगळं तक्रारीचे विषय म्हणून त्यात धरलेलं आहे. आयोगाचं स्वतःचं ई-समाधान नावाचं तक्रारीचं पोर्टलही आहे. विद्यापीठ सरकारी असेल तर दहा रुपयांत माहितीचा अधिकारही वापरता येतो, पण मी तो शेवटी ठेवते. त्यातून माहिती मिळते, काम लगेच होईलच असं नाही. आणि वरच्या पायरीवर जाताना खालच्या पायरीचे कागद लागतात. एकही मेल न करता थेट लोकपालांकडे गेलेली तक्रार परत खालीच येते.

एक गोष्ट आत्ताच तपासून घे, नाहीतर ती तिसऱ्या वर्षी डोकं वर काढेल. २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी लागतो, तो अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या, खात्याला जोडलेला असतो, आणि ते खातं आधारवरून निघतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा नाव, वडील, आडनाव. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. पण एका कागदावर 'सुनिता' आणि दुसऱ्यावर 'सुनीता', एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं, असं असेल तर अडतं. इथेही टेबल ओळखायचं. आधारवरची चूक आधार केंद्रात, गुणपत्रिकेवरची चूक शाळा किंवा महाविद्यालयामार्फत बोर्डात, विद्यापीठाच्या नोंदीतली नोंदणी विभागात. विद्यापीठाला आधार दुरुस्त करता येत नाही, तिथे भांडून उपयोग नाही. डेब आयडी तुझा तू काढलास की कॅफेवाल्याने काढून दिला, आणि तो कोणत्या मोबाइलला जोडला आहे, हेही त्याच फेरीत विचारून घे.

शिष्यवृत्तीचं टेबल विद्यापीठाबाहेर आहे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे जातात. आदिवासी विद्यार्थ्यांनी पांढरकवडा किंवा पुसदच्या प्रकल्प कार्यालयात विचारावं, मेळघाटातल्यांनी धारणीला, देवरी भागातल्यांनी देवरीला. आधी एकच गोष्ट विचारायची: माझ्या या अभ्यासक्रमाला, दूरशिक्षण किंवा ऑनलाइन असताना, ही योजना लागू आहे का? सगळ्या योजना लागू नसतात, आणि 'मिळेलच' असं प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं असतं.

अपंगत्व असेल, लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल, तर समान संधी कक्ष किंवा परीक्षा विभाग, आणि तेही परीक्षा अर्जाच्या वेळी, यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, प्रतीसह. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन मागितलं तर केंद्रप्रमुखाच्या हातात फारसं काही राहत नाही.

मुलींसाठी हे वेगळं लिहिते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तुझा नंबर घेऊन कोणी नको ते मेसेज करू लागला, मग तो सहाध्यायी असो, शिकवणारा असो की केंद्रावरचा कर्मचारी, तर ते सहन करायचं नाही, आणि घरचे शिक्षण बंद करतील या भीतीने लपवायचंही नाही. प्रत्येक विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असते, ऑनलाइन विद्यार्थिनीही तिच्याकडे तक्रार करू शकते, साधारण तीन महिन्यांच्या आत. मेसेज पुसू नकोस, तोच पुरावा. आणि मन फार खचत असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्या भागात घरात कर्ज असतं, नापिकी असते, आणि त्यात एकटीने मोबाइलवर शिकणं सोपं नाही. त्या नंबरवर बोलण्यासाठी आजारी असावं लागत नाही.

आता जवळची माणसं. ऑनलाइन शिकणाऱ्या मुलीला सगळं दूरचं वाटतं, पण तालुक्याच्या महाविद्यालयातले ग्रंथपाल चांगले असतील तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही बसून वाचू देतात, जाऊन विचारावं. तुझ्या विषयाचे एखादे प्राध्यापक तिथे असतीलच, महिन्यातून एकदा शंका घेऊन गेलीस तर हाकलणार नाहीत. शिकणाऱ्या पोरीला नाही म्हणणारा मास्तर मी क्वचितच पाहिला. तुझ्याच विद्यापीठाची, एक-दोन वर्षं पुढे असलेली एखादी ताई आसपासच्या गावात शोध. कोणता मेल पत्ता खरोखर उत्तर देतो हे तिलाच माहीत असतं. ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रावर प्रिंट, स्कॅन होऊन जातं, पण पासवर्ड तिथे ठेवायचा नाही आणि संगणकावर 'सेव्ह पासवर्ड' दाबायचं नाही.

हे सगळं सोयाबीन सोंगायच्या आधी उरकून घे. डिसेंबरच्या परीक्षेचे अर्ज बहुधा सोंगणीच्या धांदलीत येतात आणि परीक्षा कापसाच्या वेचणीत, जूनची परीक्षा पेरणीच्या तोंडावर. त्या दिवसांत घरून वेळ मिळत नाही आणि तेव्हाच शेवटची तारीख निघून जाते. एका वहीच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, कोड, आणि नोंदणी, अभ्यास, तांत्रिक मदत, परीक्षा, तक्रार अशा प्रत्येक टेबलाचा नंबर नि मेल लिही. मोबाइलमध्येही 'सर १', 'सर २' असं नको. 'विद्यापीठ परीक्षा', 'विद्यापीठ नोंदणी' असं सेव्ह कर. मोबाइल बिघडला, भावाने नेला, चार्जिंग नाही, तरी वही घरात असते.

उद्या कॅफेत जा, अर्जाची प्रत काढ, मोबाइल कोणाचा नोंदला आहे ते बघ. प्रोफाइलमधून बदल झाला नाही तर वरच्यासारखा अर्ज तयार कर आणि पाठवण्यापूर्वी मला वाचायला दे. विद्यापीठाचं नाव आणि प्रवेशपत्रावर 'दूरशिक्षण' आहे की 'ऑनलाइन' तेही सोबत लिही, म्हणजे तो नेमक्या कोणत्या विभागाच्या नावाने काढायचा ते सांगते. नोंदणी क्रमांक आणि आधार मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहू नकोस.